एका न झालेल्या लढतीचा हंगाम

सुपारी वाळायला घातली की आमच्या अंगणाचा आवाज बदलतो. एरवी पायांचे, भांड्यांचे, सायकल भिंतीला टेकवल्याचे आवाज असतात. पौषात मात्र दिवसातून दोन-तीनदा सगळं अंगण खळखळतं. दाताळ्यानं सुपारी वरखाली केली की ओहोळातले गोटे एकमेकांवर घासावेत तसा आवाज येतो आणि त्याच्यामागून एक तुरट, ओलसर, किंचित आंबूस वास. यंदाही परवा पहिला माल अंगणात पडला. मी शाळेतून आले, चपला काढल्या, दाताळं हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. चार वर्षांपूर्वीची सुपारीही अशीच इथं पसरलेली होती.

त्या हंगामात माझा भाऊ देशाचा हेवीवेट चॅम्पियन होणार होता.

झाला नाही. हरला असंही नाही. लढतच झाली नाही. जवळजवळ दोन महिने बोलणी चालली आणि एका दुपारी म्हसळ्यात, एका हॉटेलच्या माडीवर, ती मोडली. ही बोलणी आमच्या बाजूनं केली होती मी. बोर्ली पंचतनच्या हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या, आयुष्यात कधी बॉक्सिंगची रिंग जवळून न पाहिलेल्या बाईनं.

दिगंबर माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. आमच्याकडं वाडीतल्या मुलांना पोफळीवर चढायला कुणी शिकवत नाही, ती चढतातच. दिगूही चढायचा, पण चौदाव्या वर्षीच त्याचं अंग असं भरलं की तो निम्म्यावर पोचला की पोफळ वाकायची आणि आई खालून ओरडायची, "उतर मेल्या, झाड मोडशील!" मग तो खाली उतरून घड गोळा करायचा, पोती उचलायचा. दुसऱ्याला दोन खेपा लागत तिथं त्याची एक व्हायची. वडील, म्हणजे अप्पा, गेले तेव्हा तो नववीत होता. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण दिगू नव्हता, पण लोकांनी तसं धरलं आणि मीही ते कधी खोडलं नाही.

तो बॉक्सिंगला लागला तो समुद्रामुळं. दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर एकदा तिरकी लाट बसली आणि स्टँडवरची एक मोटरसायकल घसरत एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर चालली. दिगूनं ती एका हातानं धरली आणि बोट काठाला लागेपर्यंत तशीच धरून ठेवली. दुसऱ्या हातात शहाळ्यांची पिशवी होती. कठड्याला टेकून हे बघत बसलेले गृहस्थ म्हणजे मुरुडचे बशीरचाचा. तरुणपणी मालवाहू जहाजांवर खलाशी होते, बंदराबंदरांतून बॉक्सिंग खेळले, आणि निवृत्त झाल्यावर मुरुडला बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात गुद्दे मारायच्या चार बॅगा टांगून मुलांना शिकवत होते. उतरताना त्यांनी दिगूला विचारलं, "ती पिशवी खाली का न्हाय ठेवलीस?"

"शहाळी फुटली असती," दिगू म्हणाला.

चाचा म्हणत, "त्याच वेळी मला कळलं, ह्याला शिकवलं पायजे. ताकद पुष्कळांकडं असते. ह्याला ताकद कुठं लावायची न्हाय ते ठाऊक हाय."

पुढची सात वर्षं दिगू सकाळच्या पहिल्या फेरीनं मुरुडला जायचा आणि दुपारी वाडीत पाणी सोडायला परत यायचा. आधी जिल्ह्याच्या स्पर्धा, मग राज्याच्या, मग व्यावसायिक लढती. एकशे सहा किलोचा, डोंगरासारखा माणूस. पण रिंगमध्ये पाय असे टाकायचा की जणू खाली वाळत घातलेलं काहीतरी तुडवलं जाईल. त्याचा उजवा हात प्रसिद्ध होता. तो सुटला की समोरच्याला कळायच्या आत सगळं संपलेलं असायचं. मी मोबाईलवर बघायचे आणि त्या क्षणी डोळे मिटायचे. उघडले की दिगू वाकून पडलेल्या माणसाला उठवत असायचा.

आणि मग त्या हिवाळ्यात केतनभाईंचा फोन आला.

केतनभाई मुंबईचे. लढती भरवणं हा त्यांचा धंदा. पांढरा शर्ट, सतत वाजणारा फोन, आणि बोलण्यात मराठी, गुजराती, हिंदी यांची अशी मिसळ की कुठलं वाक्य कुठल्या भाषेत संपेल सांगता येत नसे. ते आमच्या पडवीत येऊन बसले, शहाळ्याचं पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा भाई लकी छे. हणमंतला आता समोर उभा राहील असा माणूसच उरला नाय. दिगंबर एकच आहे."

हणमंत म्हणजे हणमंतदादा. साताऱ्याकडचे, आधी फौजेत होते, नऊ वर्षं हेवीवेटचा किताब, चॅम्पियनचा पट्टा, त्यांच्याकडं होता. दिगूच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून त्यांचा फोटो चिकटवलेला होता. बातमी बाजारात पोचायला अर्धा तासही लागला नाही. संध्याकाळी एसटी स्टँडसमोर दिगूचा मोठा फलक लागला. त्यात त्याचं नाव दिगांबर असं छापलं होतं. मी बघितलं, हसले, आणि शुद्धलेखनाचा आग्रह आयुष्यात पहिल्यांदा सोडून दिला.

करार एकोणीस पानांचा होता, इंग्रजी. दिगू म्हणाला, "ताई, तूच बघ. माझं डोकं चालत न्हाय ह्यात." बशीरचाचा म्हणाले, "मास्तरीणबाय, मला फकस्त रिंग माहीत." मग मी मधल्या सुट्टीत शब्दकोश उघडून बसायला लागले. त्या दिवसांत मी काय काय शिकले! रिंगची लांबीरुंदी ठरवावी लागते, कारण लहान रिंगचा फायदा एकाला आणि मोठीचा दुसऱ्याला. ग्लोव्हजचं वजन ठरवावं लागतं. फेऱ्यांच्या मधे खेळाडूला सांभाळायला कॉर्नरमध्ये कोण उभं राहील, पंच कुठून येतील, हे सगळं लिहून घ्यावं लागतं. पैशांवरून काही अडलं नाही. तो भाग एका फोनमध्ये मिटला. अडायचं ते अशा बारीक गोष्टींवर. केतनभाईंना कॉर्नरमध्ये एखादा नावाजलेला परदेशी प्रशिक्षक हवा होता. मी सांगितलं, बशीरचाचा नसतील तर दिगू नाही. चार दिवस फोन नाही, मग आला, "ठीक छे बेन, चाचा राहील." मी दोरीवरचा टॉवेल हवेत उडवला. आई म्हणाली, "काय झालंय काय तुला?" खरंच काहीतरी झालं होतं. तेवीस वर्षं मी मुलांना कर्ता आणि कर्म ओळखायला शिकवत होते. आता एकेक वाक्य हातात घेऊन विचारत होते, हे करणार कोण आणि भोगणार कोण?

अंगणात सुपारी पिवळी होती ती तपकिरी होत चालली होती. ऊन चांगलं होतं. दिगू रोज सकाळी समुद्राच्या ओल्या वाळूत धावायचा आणि परत येऊन, घामानं निथळत, दाताळं घेऊन अंगणभर फिरायचा. मला वाटायचं, सगळं एकदमच तयार होतंय.

करार जवळजवळ ठरला तेव्हा केतनभाईंनी दोघांचे फोटो काढायचं ठरवलं. जागा मुरुडची, समुद्रकाठच्या एका लॉजवर. हणमंतदादा येणार म्हणून आईनं नारळाच्या वड्या केल्या. मी रजा टाकली.

मला वाटलं होतं कोणी उग्र माणूस येईल. आले ते मोठ्या हाडाचे, कानाशी केस पिकलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. मला वाकून नमस्कार केला. "बाई, तुम्हीच का ह्याच्या मॅनेजर? आमच्या मॅनेजरला घाम फोडलाय तुम्ही," म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. मुलगी बारावीला आहे, तिला डॉक्टर व्हायचंय, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. बशीरचाचांना त्यांनी खुर्ची दिली. दिगू त्यांच्यापुढं शाळकरी मुलासारखा उभा होता.

मी वड्यांची बशी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. ते बोलत राहिले. मी म्हटलं, "घ्या ना." त्यांनी समोर बघितलं, उजवीकडं बघितलं, मग सगळी मान वळवून डावीकडं बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, इथं आहेत होय!" मला त्यात काही वाटलं नाही. पाहुणा माणूस, संकोचतो.

मग वाळूत फोटो झाले. अशा फोटोंत दोघांना समोरासमोर उभं करून एकमेकांकडं रागानं बघायला लावतात. दोघांनाही ते जमेना. हणमंतदादा सारखे हसत होते. फोटोवाला लेन्स बदलत होता तेवढ्यात दिगूनं आपला उजवा हात सावकाश वर उचलला आणि माशी हाकलावी तसा दादांच्या डाव्या कानाजवळून नेला. बस, एवढंच. मी ते पाहिलं. बशीरचाचांनीही पाहिलं.

परतीच्या फेरीवर दिगू नुसता आपल्या उजव्या हाताकडं बघत बसला होता. दुपारचं पाणी लखलखत होतं. मी विचारलं, "दमलास?"

"ताई, त्यांना डावीकडून दिसत न्हाय."

"काय बोलतोस?"

"मी हात नेला. पापणीसुद्धा हलली न्हाय. माझा उजवा हात जिथून येतो ना, ती त्यांची डावी बाजू. तिथं त्यांना काहीच न्हाय."

मी काय म्हणाले ते लिहायला हवं. नाहीतर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "ते बघायचं काम डॉक्टरांचं. त्यांचे डॉक्टर दाखला देणार आहेत. तो कागद करारासोबत लागणारच आहे. आपण का मध्ये पडायचं?" दिगूनं माझ्याकडं बघितलं नाही. त्या क्षणी मला किताब हवा होता. दिगूसाठी हवा होता म्हणते, पण माझ्यासाठीही हवा होता. अप्पांनंतरच्या इतक्या वर्षांसाठी, लोकांच्या कीव करणाऱ्या नजरांसाठी, कुणीतरी काहीतरी द्यावं असं मला वाटत होतं आणि ते आता अगदी हातात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी दिगूबरोबर बर्फाच्या कारखान्यात गेले. मनात होतं, चाचा त्याला समजावतील. चाचा हातांना बांधायच्या पट्ट्या गुंडाळत बसले होते. माझं ऐकून घेतलं आणि हातातली पट्टी खाली ठेवली.

"मास्तरीणबाय," ते म्हणाले, "मी जहाजावर होतो तवा एका बंदरात आमची फाइट लागली. समोरचा पोरगा तापानं फणफणलेला. अंगाला अंग लागलं तवाच मला कळलं. मी न बघितल्यासारखं केलं. चौथ्या राउंडला तो पडला. जिवंत राहिला, पन नीट बोलू शकला न्हाय पुन्हा. मी जिंकलो. घड्याळ मिळालं होतं मला." मग म्हणाले, "आता तुमी सांगा, ह्याला मी काय सांगू?"

दिगू म्हणाला, "मला वाटलं होतं डावा हातच वापरीन, उजवा सोडणारच न्हाय. पण ताई, रिंगमध्ये हात मला विचारून सुटत न्हाय."

मी घरी आले आणि वही घेतली. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं. एकच ओळ. लढतीपूर्वी दोन्ही खेळाडूंच्या डोळ्यांची तपासणी दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या डॉक्टरांकडून होईल आणि त्या डॉक्टरांचा निर्णय अंतिम राहील. "दोन्ही खेळाडूंच्या" हे शब्द मी मुद्दाम घातले. कुणाकडं बोट दाखवायचं नव्हतं. माझ्या हातून आजवर बरंच लिहून झालंय. स्वागतगीतं, मानपत्रं, शाळेच्या अंकातले लेख. त्या सगळ्यांत चांगलं वाक्य हेच. त्यात एकही अलंकार नव्हता.

केतनभाई पहिल्यांदा म्हणाले, "आंखची टेस्ट ना? एटली नानी वात! इतकी छोटी गोष्ट, चालेल." दोन दिवसांनी त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, ती लाइन काढा." मी म्हटलं, नाही. मग त्यांनी एकेक गोष्ट पुढं करायला सुरुवात केली. मी आधी मागितलेली आणि नाकारली गेलेली मोठी रिंग दिली. पंच आमच्या पसंतीचे दिले. आणि शेवटी म्हणाले, "फाइट अलिबागला करतो. तुमच्या जिल्ह्यात. सगळा रायगड येईल बघायला. बस, ती लाइन काढा."

फोन ठेवून मी पडवीच्या पायरीवर बसले. डोळ्यांपुढं अलिबागचं मैदान आलं. बोर्लीहून निघालेल्या गाड्या, पहिल्या रांगेत आई. दिगू सुपारी पोत्यात भरत होता. मी त्याला सांगितलं. त्याचे हात थांबले. "अलिबागला?" म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला वाटलं, आता हा हो म्हणणार आणि मी त्याला अडवणार नाही. मग त्यानं पोत्याचं तोंड आवळलं. "ओळ राहू दे, ताई."

शेवटची बैठक म्हसळ्यात झाली. बाजारपेठेतल्या हॉटेलची माडी, खाली भजी तळल्याचा वास, भर दुपार. केतनभाई होते आणि या खेपेला हणमंतदादा स्वतः होते. ते हसत नव्हते. आम्ही तिघं समोर बसलो. मी मध्ये, एका बाजूला दिगू, दुसऱ्या बाजूला चाचा.

"बाई," दादा म्हणाले, "ही ओळ कुणी घातली?"

"मी लिहिली."

"मला दिसत न्हाई असं कोण म्हणतंय?"

मी तोंड उघडलं, पण दिगू आधी बोलला. "मी, दादा."

केतनभाईंचा फोन वाजत होता, त्यांनी तो पालथा घातला.

"माझ्या डॉक्टरचा दाखला आहे," दादा म्हणाले.

"मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला काय हरकत? माझेही डोळे तपासू दे. मी अगोदर जातो."

हणमंतदादांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. केवढाले हात होते ते. "पोरा, नऊ वर्षं पट्टा सांभाळलाय मी. ही माझी शेवटची फाइट. हरलो तर रिंगमध्ये हरीन, तुझ्या हातून हरीन, चांगल्या माणसाच्या हातून. ते तरी घेऊ दे मला. डॉक्टरच्या खुर्चीत बसून नगं हरायला."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

दिगू हळू म्हणाला, "दादा, पट्टा माझ्याकडं आला तर मी तो आयुष्यभर घरात लावीन. रोज बघीन. आणि तुमचा डोळा गेला असेल, तर तोही मला रोज दिसंल. मला न्हाय जमायचं."

"मग ओळ काढणार न्हाईस?"

"न्हाय."

दादा उठले. खुर्ची मागं पडली, तिचा आवाज खालपर्यंत गेला असेल. दारात थांबून, न वळता म्हणाले, "माझी फाइट खाल्लीस तू." आणि जिना उतरून गेले. केतनभाईंनी एकोणीस पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि पिशवीत घातली. जाताना मला म्हणाले, "बेन, तुम्ही लोक बहु अजीब छो." त्यात राग नव्हता. नवलच होतं बहुधा.

त्यानंतरचे दिवस अवघड होते. बाजारात आठवडाभरात ठरलं की दिगू घाबरला. फलक उतरला. शिक्षकांच्या खोलीत एक बाई सहज म्हणाल्या, "शेवटी कचरला म्हणे भाऊ?" मी खडू उचलला आणि वर्गावर गेले. घरी येऊन दिगूला म्हटलं, "मी सांगणार सगळ्यांना. एकदा खरं कळू दे."

तो म्हणाला, "ती त्यांची गोष्ट आहे, ताई. आपण सांगायची न्हाय. त्यांची पोरगी शिकतेय, त्यांना अजून कुठं काम मिळायचंय."

"आणि तू? तुला भित्रा म्हणतात ते?"

"म्हणू दे की. मी आहे का भित्रा?"

असं तो अगदी साध्या आवाजात विचारत होता, खरंच उत्तर हवं असल्यासारखा. मी म्हटलं, "नाही रे." "मग झालं," म्हणाला, आणि वाडीत गेला. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, "काय रे, फायट झाली का?" तर हा म्हणायचा, "न्हाय जमलं." चार शब्दही कधी जास्त बोलला नाही. त्याच्यापेक्षा मोठ्या असलेल्या मला दिवसातून दहा वेळा रडू फुटायचं, आणि त्याच्याकडं बघितलं की छाती भरून यायची. दोन्ही एकदम होतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की हणमंतदादांनी किताब सोडला. कारण दिलं नव्हतं. रिकाम्या किताबासाठी दुसऱ्याच दोघांची लढत लागली. दिगूला कुणी बोलावलं नाही. त्याची ताई कटकटी आहे असं त्या वर्तुळात झालं होतं म्हणे. ते मात्र खरं आहे. पुढं तो आणखी तीन लढती खेळला, तिन्ही जिंकला, आणि थांबला. आता वाडी बघतो आणि बर्फाच्या कारखान्यात शिकवतो. चाचा खुर्ची टाकून बसतात आणि ओरडायचं काम तेवढं करतात. किताब नाही. यायचाही नाही आता. तो आला असता तर कसा दिसला असता, हे मी कधीकधी मनात आणते. खोटं कशाला सांगू?

मागच्या वर्षी, माघात, शाळा सुटल्यावर मी बाजारातून येत होते. स्टँडजवळच्या टपरीपाशी गर्दी दिसली. मध्ये हणमंतदादा उभे होते. जाड भिंगांचा चष्मा, केस पूर्ण पांढरे, बरोबर त्यांच्या पत्नी. एसटीनं आले होते, आमचं घर विचारत. कुणीतरी ओळखलं आणि कुणीतरी दिगूला बोलवायला धावलं. मी गर्दीतून पुढं झाले तेव्हा एक जण खवचटपणे त्यांना म्हणत होता, "आमचा दिगू तुमाला घाबरला व्हय ना, पैलवान?"

दादांनी त्याच्याकडं बघितलं. मान जराशी वळवून, नीट बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा डावा डोळा आतून फाटलेला होता. डावीकडं कमी दिसतं एवढं मला ठाऊक होतं. माझ्या डॉक्टरला सगळं ठाऊक होतं. तुमच्या दिगूला समोर उभं राहिल्या राहिल्या कळलं. एक गुद्दा मारून पट्टा नेता आला असता त्याला. न्हाई नेला. मी दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो तो त्याच्यावरच्या रागानं गेलो, त्याला खोटं पाडायला. ऑपरेशन करून डॉक्टर म्हणाला, आणखी एक फटका बसला असता तर डोळा गेला होता." दम घेऊन म्हणाले, "माझा राग अजून गेला न्हाई त्याच्यावर. माझी शेवटची फाइट खाल्ली त्यानं. पण घाबरला असं पुन्हा कुणी म्हणू नका."

टपरीवाल्याच्या हातातलं भांडं तसंच राहिलं होतं. दिगू धावत आला तो वाडीतून, पायांना चिखल, आणि माणसांची तोंडं बघून थबकला. त्याला काय झालं ते कळेना. त्यानं वाकून दादांच्या पायांना हात लावला. दादांनी त्याला उठवलं, पण मिठीबिठी मारली नाही. नुसता त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून बघितला, मुठीच्या हाडांवरून अंगठा फिरवला आणि सोडून दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही मास्तरीण ना? लिवा हे सगळं. माझ्या नावासकट लिवा."

"जेवायला चला," दिगू म्हणाला.

आम्ही निघालो. पुढं ती दोन दांडगी माणसं, एकमेकांशी न बोलता, एका चालीनं. मागं मी आणि हणमंतदादांच्या पत्नी. त्यांनी माझा हात धरला होता. बोर्लीचा रस्ता अरुंद आहे. त्या दोघांनी तो सगळा व्यापला होता आणि मला त्यांना बाजूला व्हा म्हणावंसं वाटलं नाही. दुकानांतली माणसं पायरीवर येऊन उभी होती. मीही रस्त्याच्या मधूनच चालत होते. आयुष्यभर कडेनं चाललेली मी. समोरून श्रीवर्धनची एसटी आली. ती थांबली. आम्ही सगळे शेजारून पार होईपर्यंत ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिला. त्यानं हॉर्न वाजवला नाही.